रपट्याची उजवी बाजू

तांडा, फुलसावंगीपासून चार किलोमीटर
८ जून २०२५

श्री. राजकुमार जावईबापू यांस पूनमसिंगचा राम राम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. तसंही फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर हात दुखतो, त्यामुळे मी कमी बोलतो. तुमचा फायदाच आहे.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे. मी नाही लिहिणार, कारण ठीक नाही. उज्ज्वलेनं तिच्या आईला फोनवर सांगितलं की तुम्ही जुनी गाडी विकली आणि नवी बघून राह्यले. गाडी एकच, पण तिच्या दोन जाती. एकीत इंजिन दोन चाकं फिरवतं, दुसरीत चारही. दोन चाकांची उद्या मिळते. चार चाकांची दिवाळीला. आणि तुम्ही म्हणे दिवाळीचीच घेणार, "मामाजींच्या तांड्याचा रस्ता तसा आहे" म्हणून. तोवर उज्ज्वला इकडे येणार नाही.

जावईबापू, तिला पाचवा महिना सरला. दिवस भरतात ते दसऱ्याच्या आसपास. सातव्या महिन्यात मुलीला माहेरी आणायची आपल्या लोकांत रीत आहे आणि हे तिचं पहिलं बाळंतपण. दिवाळीला तुमची गाडी येईल तेव्हा बाळ मान वळवून बघत असेल. मग ती चार चाकं आम्ही काय आरती ओवाळायला घ्यायची?

बरं, एवढं करून त्या गाडीनं तुम्ही रोज काय करणार, ते मी इथं खाटेवर बसून सांगतो. घरापासून तुमचं विमा ऑफिस नऊ किलोमीटर. मध्ये सात सिग्नल. लग्नानंतर आलो होतो तेव्हा मोजले आहेत. सिग्नलवर दोन चाकांची गाडीही उभी राहते आणि चार चाकांचीही. चार चाकांची जरा जास्त पेट्रोल पिऊन उभी राहते, एवढाच तिचा मोठेपणा. संध्याकाळी भाजी आणाल. रविवारी मॉलच्या तळघरात उतराल. तिथं गुळगुळीत सिमेंट, त्यावर पिवळे पट्टे. तिथं कोणता चिखल लागणार आहे? कोणाच्या पोराचं आइस्क्रीम सांडलं तर सांडलं.

मी शाळेत दुसरीपर्यंत. वाचायला शिकलो ते स्पेअर पार्टच्या डब्यांवरून आणि पुढच्या ट्रकच्या पाठीवरून. पण फुलसावंगी ते महागाव एकतीस वर्षं जीप चालवली, आणि ती मागच्या दोनच चाकांवर चालायची. तीत अठरा माणसं बसवली, बकऱ्या बसवल्या, एकदा वाजंत्रीवाले ढोलासकट बसवले. गाडीनं कधी विचारलं नाही की बाकीची दोन चाकं काहून बसून आहेत.

दोन चाकांची घ्या. सातव्या महिन्यात उज्ज्वलेला आणा. बाकी तुम्ही शिकलेले आहात.

पूनमसिंग


१९ जून २०२५

जावईबापू,

उज्ज्वला म्हणते, पत्र पोचलं. तुम्ही वाचलं आणि म्हणाले, "मामाजींचा जन्म भंगार जीपवर गेला, त्यांना ऑल व्हील काय कळणार?" पोरगी सरळ आहे, जसं ऐकलं तसं सांगते. आईवर गेली.

मग ऐका, भंगारवाल्याला काय कळतं ते.

आर्णीला एक ठेकेदार आहे. त्याच्याकडे चारही चाकांची गाडी आहे, काळीकुट्ट, रेड्यासारखी. मागच्या काचेवर डोंगराचं चित्र. तीन वर्षं झाली, त्या गाडीनं डांबर सोडलेलं नाही. घरून निघते, पानठेल्यापर्यंत जाते, तिथून परत. मी त्याला विचारलं, "भाऊ, डोंगर कोणता?" तो म्हणे, "काका, गरज पडली तर असावी." मी म्हटलं, "मंग घरात होडी पण ठेव, पूर आला तर?" त्या दिवसापासून मला बघून काच वर करतो. तुम्हालाही तसंच चित्र पाहिजे असेल तर सांगा, फुलसावंगीत स्टिकर मिळतं. कोणत्याही गाडीवर चिकटतं.

आता माती. आमची माती काळी. ती एकदा टायरच्या खाचांत भरली की टायर लोणी लावल्यासारखं होतं. मग दोन चाकं फिरत असतील तर दोन जागी फिरतात, चार फिरत असतील तर चार जागी. दोन चाकांचा माणूस दोन खड्डे पाडतो, चार चाकांचा चार. जास्तीच्या दोन खड्ड्यांसाठी दिवाळीपर्यंत थांबणारा माणूस मी अजून बघितला नव्हता.

दगडगोट्यांचा चढ असेल, रेती असेल, ओलं गवत असेल, तर चारही चाकांचा हात लागतो. नाही म्हणणार नाही, खोटं बोलायची मला सवय नाही. टिपेश्वरच्या जंगलात फॉरेस्टवाले फिरतात, त्यांना द्या. तुम्हाला वाघ मोजायचे आहेत का? आणि थांबायचं म्हणाल, तर जगातली प्रत्येक गाडी चारही चाकांनी थांबते. माझी भंगार जीपसुद्धा. टायर चांगलं घाला, हवा बरोबर ठेवा, पाय हलका ठेवा. पण पाय शोरूममध्ये मिळत नाही, म्हणून तुम्ही लोक चाकं घेता.

आता तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. १३ ऑगस्ट २०२३. दोन दिवस राहून तुम्ही दोघं निघाले, सकाळपासून झिमझिम चालू होती, आणि तांड्याबाहेर नाला ओलांडायच्या मुरमाच्या रपट्यात तुमची गाडी डाव्या अंगानं पोटापर्यंत बसली. अख्खा तांडा जमला. बैलजोडी लावली. पुढचा बंपर बैलांबरोबर गेला आणि गाडी मागं राहिली. उज्ज्वला चपला हातात घेऊन गुडघ्याएवढ्या चिखलातून बाहेर आली. आणि मी म्हणालो, "जावईबापू, बैलच लागतात तर बैलगाडीच घ्यायची होती!" लोक हसले. शेजारच्या रुपीबाईनं तर त्याचं गाणं जोडलं, अजून लग्नात म्हणतात.

तेव्हापासून तुम्ही या तांड्यात पाय ठेवलेला नाही. आणि तुमच्या डोक्यात बसलं की गाडी फसली ती दोन चाकांची होती म्हणून.

तसं नाही. चालवणाऱ्याला रस्ता वाचता आला नाही, इतकंच. त्यात चाकांचा काही दोष नव्हता.

पूनमसिंग


२ जुलै २०२५

जावईबापू,

काल यवतमाळला गेलो होतो. तुमचीच गाडी बघायला. तुम्ही बघितली असेल एसीत बसून, कॉफी पीत. मी धोतरावर गेलो, त्यामुळे मला आधी पाणी विचारलं, मग विचारलं की काका, कोणाबरोबर आले?

दिपाली नावाची मुलगी होती तिथं, गाड्या दाखवणारी. उज्ज्वलेपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. तिनं सुरुवात केली, "काका, ही ऑल व्हील आहे, कुठंही जाते."

मी म्हटलं, "कुठंही म्हणजे कुठं? तू कुठं घेऊन गेलतीस?"

"मी तर स्कुटीनं येते, काका."

"स्कुटीला किती चाकं फिरतात?"

"एक."

"आणि तू रोज पोचते?"

हसली. मग मी गाडीखाली वाकून बघितलं. लोक बघत होते, बघू दे. पुढून मागं जाणारा लांब दांडा, मागं चाकं फिरवणारं आणखी एक डिफरन्शियल, सगळं चकचकीत. एवढं लोखंड तुम्ही रोज ऑफिसला घेऊन जाणार आणि रोज परत आणणार, जन्मभर, जेवणाचा डबा न उघडता परत आणावा तसं. वरून चारही टायर सारखी झिजली पाहिजेत म्हणे. एक फुटलं तर बाकीच्यांचाही विचार करा. गाडी आहे का सासर?

दिपालीला हे सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "काका, मले एक सांगा. जावई फसले तवा टायर कसे होते?"

"चांगले होते."

"चालवत कसे होते? जोरात?"

"नाही. हळूच आलते."

"मंग फसले काहून?"

मी म्हटलं, "डावीकडून काढली. उजवीकडून काढायची होती."

"त्यांले कोणी सांगितलं नाही का? तुम्ही तिथंच होते ना?"

जावईबापू, त्या मुलीनं काही वाईट विचारलं नव्हतं. मी म्हटलं, माझी बस आहे, आणि निघालो. बस दीड तासानं होती. स्टँडवर बसून राहिलो. चिवडा घेतला, तो पण खाल्ला नाही.

तुम्ही पैसे भरले नसतील तर भरू नका अजून. मी पुन्हा लिहितो.

पूनमसिंग


१६ जुलै २०२५

राजकुमारजी,

आज जावईबापू लिहायला हात धजत नाही.

काल उज्ज्वलेचा फोन आला. तुम्ही रविवारी चार चाकांची बुक करणार आहात. ती म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, पोटात बाळ असताना मी त्या रपट्यावरून रिस्क घेणार नाही. आणि ते चुकीचं नाही बोलत." मी म्हटलं, चुकीचंच बोलतो, त्याला काय कळतं, आणि आणखी बरंच म्हटलं. फोन ठेवला. उज्ज्वलेची आई मानीबाई चुलीपाशी होती. तिनं भाकर तव्यावरच राहू दिली आणि म्हणाली, "त्या दिवशी तुमचा हात डावीकडं गेलता. म्या पाह्यला."

मी ताट पुढ्यात ओढलं.

"दोन वर्सं झाली. मले वाटलं, तुम्ही सोताच सांगान. आता पोरीचं माहेर बंद होऊन राह्यलं. रविवारच्या आत तुम्ही लिहा, नाही तं मी सांगतो." मग जळलेली भाकर माझ्याच ताटात वाढली.

तर लिहितो.

त्या दिवशी तुम्ही रपट्यापाशी गाडी उभी केली होती. काच खाली केली. मी छत्री घेऊन पलीकडे उभा होतो. तुम्ही विचारलं, "मामाजी, कोणत्या बाजूनं काढू?"

मी डावीकडे हात केला.

मला माहीत होतं. आदल्या आठवड्याच्या पाण्यानं डावीकडचा मुरूम वाहून गेला होता, वर पाणी आणि खाली नुसता गाळ. उजवीकडे, शेताच्या धुऱ्याच्या अंगानं, एका गाडीपुरता मुरूम अजून घट्ट होता. मी त्यावरून सकाळीच चालून आलो होतो. तुम्हाला रस्ता वाचता आला नाही असं मी आधीच्या एका पत्रात लिहिलं. तुम्ही तो वाचायला गेलेच नव्हते. तुम्ही मला विचारलं होतं. आणि त्याच पत्रात मी लिहिलं की खोटं बोलायची मला सवय नाही. त्या ओळीवर तुम्ही थुंकले तरी चालेल.

का केलं? तुम्ही दोन दिवस माझ्या घरी होते आणि मला एक गोष्ट विचारली नाही. आले ते मोबाईलमधली बाई सांगेल तसे. जेवताना म्हणाले, "मामाजी, ती जीप भंगारात देऊन टाका, जागा अडवते." चांगल्यासाठीच म्हणाले असाल. पण त्या जीपवर मी उज्ज्वलेला बारावीपर्यंत शिकवलं, आणि तुमच्याकडे दिलेली पोरगी त्या भंगारातूनच निघाली आहे. तुम्ही माझ्या बोटाला धरून एकदा तरी चालावं, असं मनात होतं. मला वाटलं, चाक जरासं रुतेल. तुम्ही हाक माराल. मी घरामागच्या पऱ्हाटीच्या दोन पेंढ्या आणीन, चाकाखाली घालीन, गाडी बाहेर. तुम्ही म्हणाल, बरं झालं मामाजी, तुम्ही होते.

एवढ्यासाठी.

गाडी पोटापर्यंत बसली. माझी पोरगी आत होती. लोक जमले, तेव्हाही मी बोलू शकत होतो. मी बैलगाडीचं बोललो. हसणारं माणूस कधी आपल्याकडे बघत नाही, हे मला तेव्हा उपयोगी पडलं. पुढं दोन वर्षं तुमच्यावर हसत राहिलो, ठेकेदारावर हसलो, दिपालीच्या गाडीखाली शिरलो. एकतीस वर्षांचा ड्रायव्हर! ज्या माणसानं पहिल्यांदाच रस्ता विचारला त्याला मी चिखलात घातलं. महागावच्या स्टँडवर एखाद्या दारुड्या कंडक्टरनं हे केलं असतं तर मी त्याच्या तोंडाला डांबर लावलं असतं.

आता गाडीचं बघा. तुम्ही चार चाकं कशासाठी घेता? रपट्यासाठी नाही. माझ्या एका हातासाठी. त्याच्यावर चार चाकांचा इलाज नाही, आठ लावली तरी नाही. तुमच्या रोजच्या रस्त्याला दोन पुरतात, माझ्या तांड्यालाही दोन पुरतात. तालुक्याहून अँब्युलन्स येते ती दोनच चाकांवर येते, याच रपट्यावरून, भर पावसात. तिच्या ड्रायव्हरला मी बाजू बरोबर सांगतो. परक्याला खरं सांगत आलो.

तरी तुम्हाला चार चाकांची घ्यायची तर घ्या. आता मी अडवणारा कोण. पण माझ्या लबाडीसाठी घेऊ नका, आणि गाडीसाठी उज्ज्वलेला थांबवू नका. गाडी पाठवायची नसेल तर तसं कळवा, मी एसटीनं येऊन दारात उभा राहतो. तुम्हाला काय बोलायचं ते बोला. तिच्यासमोर बोला.

पूनमसिंग


१ ऑगस्ट २०२५

राजकुमारजी यांस राम राम.

उज्ज्वला म्हणाली, पत्र वाचून तुम्ही रविवारी घरीच राहिले. बुकिंगलाही गेले नाही. मग मी माझ्याकडून करायचं ते केलं.

हसू सगळ्या तांड्यासमोर झालं होतं, मग फक्त कागदावर कबूल करून कसं चालेल? तांड्याच्या नायकाला सांगून लोकांना बसवलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं की जावयाला मी चुकीच्या वाटेला लावलं, त्याची काही चूक नव्हती. मग नायक म्हणाला, "पूनमसिंग, तू तं आमाले सांगत होता की शहरातल्या माणसाले डोळे नसतात." रुपीबाई मागून ओरडली, "डोळे होते, पण सासरा होता!" इतकं हसले लोक की कुत्री उठून गेली.

त्या बाईला काही शिल्लक ठेवणं माहीत नाही. आता गाण्यात तुमच्या जागी माझं नाव बसलं आहे. चाल तीच. मानीबाई पण म्हणते, आणि मला वाटतं जरा जास्तच सुरात म्हणते.

दुसऱ्या दिवसापासून रपट्याला लागलो. उजव्या बाजूला मुरूम टाकला, धुमसानं ठोकला. दोन्ही कडांना दगड लावून चुना मारला. पाऊस आला की चुना जातो, मी पुन्हा मारतो. लोक विचारतात, नवी गाडी किती चाकांची येऊन राह्यली? मी सांगतो, दगडांना चाकं मोजता येत नाहीत.

आणि काल तुमचं कार्ड आलं. दोन वर्षांत पहिलं. पोस्टमननं वाचलेलं दिसतं, कारण देताना हसत होता. तुम्ही लिहिलं आहे:

"टू व्हील घेतली. टायर चांगली टाकली. उज्ज्वलेला घेऊन रविवारी, १० ऑगस्टला निघतो. मामाजी, कोणत्या बाजूनं काढू?"

मी ते कार्ड चार वेळा वाचलं. मानीबाईला वाचून दाखवताना शेवटची ओळ वाचता आली नाही, ती तिनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखली.

उत्तर फोनवर देता आलं असतं. पण मागच्या वेळी हातानं सांगितलं होतं आणि हात फिरला. म्हणून या वेळी लिहून देतो, खाली सही करून, म्हणजे तुमच्याजवळ राहील.

उजवीकडून. धुऱ्याच्या अंगानं, चुन्याच्या दगडांच्या आतून. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता.

मी पलीकडे उभा राहीन, पण माझ्याकडे बघू नका. मानीबाई उभी राहील. तिच्या हाताकडे बघा.

पूनमसिंग धनसिंग राठोड